वनस्पतीच्या ऊतीतले चंचल रेणू जागच्या जागी कसे पाहावेत

साखरेचा रेणू पाण्यात १० मायक्रोमीटर सरकायला साधारण ०.१ सेकंद घेतो. १०० मायक्रोमीटरला १० सेकंद लागतात आणि १ मिलिमीटरला सुमारे १७ मिनिटं. अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट होतो, हा विसरणाचा, म्हणजे रेणू आपोआप पसरण्याचा, हिशेब. आपल्याला यातला पहिला आकडा छळतो, कारण १० मायक्रोमीटर म्हणजे मूलाग्रातली जेमतेम एक पेशी. तुम्ही ब्लेडने काप घेऊन, पाण्याच्या थेंबात सोडून वर कव्हरस्लिप ठेवेपर्यंत साखर, पोटॅशियम, मॅलेट, अमिनो आम्लं, ऑक्झिन हे वाढीचं संप्रेरक, ही सगळी मंडळी घर सोडून शेजारी गेलेली असतात. जिवंत पेशीत पटल त्यांना अडवून धरतं. कापलेल्या, गोठून वितळलेल्या किंवा रसायनाने मारलेल्या पेशीत तो पहारा उठतो.

म्हणून या लेखात भिंगांपेक्षा नमुन्यावर जास्त भर आहे. प्रत्येक पायरीला एकच प्रश्न विचारायचा: रेणू अजून तिथेच आहे का? याचं उत्तर देता येत नसेल, तर महागडं कन्फोकल यंत्र चुकीची जागा फक्त जास्त स्पष्ट दाखवेल.

आधी रेणूची कुंडली मांडा

यंत्राची वेळ राखून ठेवण्याआधी कागदावर उतरवून काढा. रेणू पाण्यात विरघळतो का? अॅसिटोनमध्ये, अल्कोहोलमध्ये? त्याच्यावर विद्युतभार आहे का? त्याच्यात अमिनो किंवा कार्बॉक्सिल गट आहे का, म्हणजे त्याला प्रथिनाशी बांधता येईल का? तो स्वतः चमकतो का? आणि मुख्य म्हणजे, तो किती आहे?

शेवटचा प्रश्न बहुतेक लोक विसरतात, आणि निम्म्या पद्धती तिथेच बाद होतात. रसवाहिनीतली सुक्रोज शेकडो मिलिमोलर असते, पेशीद्रवातलं पोटॅशियम १०० मिलिमोलरच्या आसपास. संप्रेरकं मात्र नॅनोमोलर ते मायक्रोमोलर पातळीवर वावरतात. साखर दाखवणारी रामन सूक्ष्मदर्शी (विखुरलेल्या लेसर प्रकाशावरून रेणू ओळखणारी) ऑक्झिनसाठी आंधळी आहे. त्यात यंत्राचा दोष नाही, प्रमाणच तेवढं कमी आहे.

मग ठरवा, तुम्हाला नेमकं किती बारीक उत्तर हवंय. कुठल्या ऊतीत, कुठल्या पेशीत, की पेशीच्या कुठल्या कप्प्यात? पक्व पेशीत रिक्तिका बहुतेक सगळी जागा व्यापते. पेशीद्रव्याचा थर भिंतीला चिकटून, अनेकदा १ मायक्रोमीटरपेक्षाही पातळ असतो. म्हणजे एका पेशीचं पेशीद्रव्य, मधली पेशीभित्तिका आणि शेजारणीचं पेशीद्रव्य हे सगळं दीड-दोन मायक्रोमीटरच्या पट्ट्यात कोंबलेलं. साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाखाली पेशीच्या कडेला चकाकी दिसली आणि ‘रेणू पेशीभित्तिकेत आहे’ असा निष्कर्ष काढला, तर तो अंदाजच समजायचा.

नेहमीचं स्थिरीकरण इथे कामाचं नाही

फॉर्माल्डिहाइड प्रथिनांमधले अमिनो गट एकमेकांना जोडतं. सुक्रोजमध्ये अमिनो गटच नाही, त्यामुळे ती या जाळ्यात अडकत नाही. ग्लुटराल्डिहाइड काही मोकळी अमिनो आम्लं पकडतं, पण सगळी नाही. त्यानंतर ३०, ५०, ७० टक्के अल्कोहोलची जी शिडी चढायची असते, तिची प्रत्येक पायरी म्हणजे नमुन्याची एकेक धुलाई. मेणात रोवलेल्या कापात शेवटी स्टार्च उरतो, साखर उरत नाही.

दोन अपवाद सांगण्यासारखे आहेत. पहिला कार्बोडायइमाइडचा. ईडीसी नावाचं हे रसायन कार्बॉक्सिल गटाला प्रथिनाच्या अमिनो गटाशी जोडतं. ऑक्झिन आणि अॅब्सिसिक आम्ल या दोन संप्रेरकांकडे कार्बॉक्सिल गट असतो, म्हणून त्यांना आधी ईडीसीने जागच्या जागी बांधून मग फॉर्माल्डिहाइड वापरतात आणि प्रतिपिंडाने शोधतात. यात प्रतिपिंड कार्बॉक्सिलच्या टोकाने बांधलेला रेणू ओळखणारा असला पाहिजे, हे खरेदीच्या वेळीच तपासा. कंट्रोल, म्हणजे तुलनेचे नमुने, तीन हवेत: ईडीसी न घातलेला काप, मोकळ्या संप्रेरकाने आधीच तृप्त केलेला प्रतिपिंड, आणि शक्य असेल तर ते संप्रेरक कमी बनवणारं उत्परिवर्तित झाड. एवढं करूनही एक शंका उरते. ईडीसी ऊतीत शिरायला वेळ घेतं, आणि त्या वेळात रेणू मोकळाच असतो. जाड खोडापेक्षा कोवळ्या मूलाग्रावर ही पद्धत जास्त भरवशाची ठरते, ती याच कारणाने.

दुसरा अपवाद जागेवर अवक्षेप पाडण्याचा, उदाहरणार्थ कॅल्शियमसाठी अँटिमोनेट. मला ही पद्धत फारशी रुचत नाही. अवक्षेप आयन जिथे असतो तिथेच पडेल याची हमी नसते. स्फटिकाचं बीज जिथे सहज तयार होतं तिथेही तो पडतो.

गोठवणं: सगळं इथेच ठरतं

चंचल रेणूला थांबवण्याचा सर्वात खात्रीचा मार्ग म्हणजे पाणीच थांबवणं. ते इतक्या वेगाने गोठवायचं की स्फटिक बनायला सवडच मिळू नये. अशा काचेसारख्या बर्फात रेणू जिथल्या तिथे अडकतो.

पहिली पायरी: कापून मग गोठवू नका, गोठवून मग कापा. रसवाहिनीत १ मेगापास्कलच्या आसपास दाब असतो. देठ कापला की त्या दाबाने आतला रस कापाकडे धाव घेतो, आणि तुम्ही ज्या पेशी पाहणार आहात त्यांतली साखर काही क्षणांत हललेली असते. जमलं तर झाडाला जोडलेलाच भाग गोठवा. थंड केलेल्या तांब्याच्या चिमट्यात पान दाबून गोठवता येतं. ते जमत नसेल तर कापल्याक्षणी बुडवा आणि मधला वेळ सेकंदांत मोजून वहीत लिहा.

दुसरी पायरी: द्रवरूप नायट्रोजनमध्ये थेट बुडवू नका. सगळे पहिल्यांदा तेच करतात. मीही केलं. नायट्रोजन उणे १९६ अंश सेल्सिअसला उकळतो. कोमट नमुना त्यात पडला की त्याच्याभोवती वायूचं कवच तयार होतं आणि ते कवच उष्णता अडवतं. तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब नाचतो, तसंच हे, फक्त उलट्या दिशेने. त्याऐवजी नायट्रोजनने थंड केलेला प्रोपेन, इथेन किंवा आयसोपेंटेन वापरा. आयसोपेंटेन उणे १६० अंशांच्या आसपास गोठतो, म्हणून त्याच्या तळाशी थोडा घन थर दिसला की तो वापरायला तयार आहे असं समजा. प्रोपेन आणि इथेन ज्वालाग्राही आहेत, आणि नायट्रोजनची वाफ बंद खोलीतला ऑक्सिजन हुसकावते. त्यामुळे हवा खेळती ठेवा, ठिणगी लांब ठेवा, चष्मा घाला.

तिसरी पायरी: नमुना लहान ठेवा. बुडवून गोठवताना पृष्ठभागापासून १० ते २० मायक्रोमीटरपर्यंतच चांगला बर्फ मिळतो. त्याहून खोल जायचं असेल तर उच्च दाबाखाली गोठवणारं यंत्र लागतं. ते सुमारे २१०० बार दाब देतं आणि २०० मायक्रोमीटरपर्यंतची जाडी सांभाळतं. पानाच्या पेशींमधली हवा इथे शत्रू होते. दाबाखाली ती आक्रसते, ऊती चेपते आणि उष्णताही नीट बाहेर जाऊ देत नाही. म्हणून त्या जागा हेक्साडेसीनसारख्या, पेशीत न शिरणाऱ्या द्रवाने भरतात. द्रव जलविरोधी असेल तर तुमचा पाण्यात विरघळणारा रेणू त्यात जाणार नाही. पण मेणचट किंवा तेलकट रेणू शोधत असाल, तर हीच खबरदारी तुमच्यावर उलटेल.

चौथी पायरी साठवणीची. शुद्ध पाण्याचा काचेसारखा बर्फ उणे १३७ अंशांच्या वर गेला की पुन्हा स्फटिक बनू शकतात. उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये महिनाभर ठेवलेला नमुना डोळ्याला तसाच दिसतो, आतून मात्र बदललेला असू शकतो. नमुने नायट्रोजनच्या टाकीतच ठेवा.

स्फटिकांनी नक्की काय बिघडतं? वाढणारा स्फटिक फक्त पाणी घेतो आणि विरघळलेलं सगळं कडेला ढकलतो. पेशीच्या पोटात स्फटिक, कडेला क्षार आणि साखर. चित्रात हे जाळीसारखं दिसतं आणि ‘रेणू पेशीभित्तिकेत साठलाय’ असा हुबेहूब भास होतो. प्रश्न फक्त ऊतीच्या पातळीचा असेल, म्हणजे रसवाहिनीत आहे की सालीत एवढाच, तर एक-दोन मायक्रोमीटरचे स्फटिक चालून जातील. पेशीच्या आतला कप्पा ओळखायचा असेल तर मुळीच चालणार नाहीत.

गोठलेल्या नमुन्याचं पुढे काय

तीन वाटा आहेत: गोठलेलाच पाहणं, गोठलेल्या स्थितीत सुकवणं, किंवा बर्फाच्या जागी द्रावक भरणं.

पहिली वाट सर्वात प्रामाणिक, पण त्यासाठी थंड मंच असलेलं यंत्र लागतं.

दुसऱ्या वाटेत निर्वातात, उणे ८० अंश किंवा त्याहून खाली, बर्फाची थेट वाफ होऊ द्यायची. घाई केली की नमुना मध्येच वितळतो आणि सगळं मुसळ केरात. सुकल्यानंतर एका साध्या चुकीने मी एकदा आठवड्याचं काम घालवलं. थंड भांडं उघड्या हवेत बाहेर काढलं, कापांवर दव साठलं, आणि पोटॅशियम सगळ्या बाह्यत्वचेवर सुंदर पसरलेलं दिसलं. आम्ही दोन दिवस त्या नक्षीचा अर्थ लावत बसलो होतो. तेव्हापासून नियम असा: भांडं बंदच ठेवून, आत शोषक घालून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं आणि मगच उघडायचं.

तिसरी वाट म्हणजे शीत-प्रतिस्थापन. उणे ९० अंशांच्या आसपास कोरड्या अॅसिटोनमध्ये नमुना काही दिवस ठेवायचा, मग हळूहळू तापमान वाढवून रेझिनमध्ये रोवायचा. साखर आणि बरेचसे क्षार पूर्ण कोरड्या अॅसिटोनमध्ये जवळजवळ विरघळत नाहीत, त्यामुळे ते जागेवर राहतात. इथे ‘पूर्ण कोरड्या’ हे शब्द महत्त्वाचे. अॅसिटोनमध्ये जरा पाणी राहिलं की बेत फसतो, म्हणून त्यात मॉलिक्युलर सीव्ह, म्हणजे पाणी शोषणारे दाणे, घालून ठेवा. टर्पिन, मेदद्रव्यं आणि पुष्कळ फिनॉली संयुगं अॅसिटोनमध्ये सहज निघून जातात, त्यांच्यासाठी ही वाट नाही.

आणि इथवर सगळं नीट करून अनेक जण शेवटच्या टप्प्यावर घसरतात. रेझिनचे पातळ काप सवयीने सुरीच्या पुढच्या पाण्याच्या डबीत तरंगवले जातात. चार दिवस जपलेलं पोटॅशियम चार सेकंदांत डबीत उतरतं. काप कोरडेच घ्या, कोरडेच स्लाइडवर ठेवा आणि वर पाणी किंवा ग्लिसरीन न टाकता तेल टाका.

क्रायोस्टॅटवर, म्हणजे थंड पेटीतल्या कापयंत्रावर, उणे २० ते उणे ३० अंशांना काप घेत असाल तर आणखी एक पथ्य पाळा: काप गरम स्लाइडवर टेकवून वितळवून चिकटवू नका. थंड स्लाइडवर, दुतर्फा चिकटणाऱ्या टेपवर घ्या आणि थंडीतच सुकवा. ब्लेड रस ओढून नेतं का, हे तपासायला एक फुकटची युक्ती आहे. एकच ठोकळा एकदा डावीकडून उजवीकडे कापा, मग १८० अंशांत फिरवून कापा. दिसणारा उतारही ब्लेडबरोबर फिरला, तर तो झाडाचा नव्हता.

आता पाहायचं कशाने

किरणोत्सारी खुणेची कल्पना जुनी आहे. १९२३ साली जॉर्ज द हेवेशी यांनी शिशाच्या किरणोत्सारी समस्थानिकाने घेवड्यासारख्या शेंगवर्गीय झाडात शिसं कुठे जातं ते मोजलं होतं. आजही कमी प्रमाणातल्या रेणूसाठी स्वयं-विकिरणचित्रण (खुणेच्या किरणोत्साराने फोटोच्या थरावर चित्र उमटवणं) तोडीस तोड आहे. ट्रिटियमचे बीटा कण फोटोच्या थरात जेमतेम १ मायक्रोमीटर जातात, म्हणून चित्र रेखीव येतं. कार्बन-१४चे कण दहा किंवा त्याहून जास्त मायक्रोमीटर भटकतात, चित्र पसरट येतं. थर मात्र ओला लावू नका. आधी सुकवलेला थर अंधारात कोरड्या कापावर दाबून बसवा. आणि लक्षात ठेवा, तुम्ही अणू पाहताय, रेणू नाही. दिलेली सुक्रोज तासाभरात स्टार्च, सेल्युलोज किंवा आणखी काही झालेली असू शकते. त्याच ऊतीचा दुसरा तुकडा अर्क काढून क्रोमॅटोग्राफीवर चालवला, तरच ‘ही सुक्रोजच’ म्हणता येतं.

वस्तुमान-चित्रणात, म्हणजे माल्डीत, खूण लावावी लागत नाही. लेसर कापावर ५ ते ५० मायक्रोमीटरच्या ठिपक्यांनी फिरतो आणि प्रत्येक ठिपक्याचं वस्तुमान मोजलं जातं. नमुना रोवायला ओसीटी हे गोठवणीतलं नेहमीचं द्रव्य वापरू नका, त्यातला पॉलिमर बाकीचे संकेत दाबून टाकतो. जिलेटिन किंवा कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज चालतं. मॅट्रिक्स (लेसरची ऊर्जा शोषून रेणू उडवणारं रसायन) फवारून लावली की ओलावा आला आणि विसरण आलं. बाष्पन करून कोरडी बसवली तर संकेत थोडा कमी मिळतो, पण जागा सुटत नाही. मी नेहमी दुसरं निवडेन.

इथे दोन सापळे आहेत. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांचं वस्तुमान एकच, सुक्रोज आणि माल्टोज यांचंही एकच. नुसत्या वस्तुमानावरून नाव देऊ नका. दुसरा सापळा जास्त धूर्त आहे. वनस्पतीत पोटॅशियम भरपूर, म्हणून सुक्रोज बहुधा पोटॅशियमला चिकटून ३८१.०८ वर दिसते. सोडियमबरोबरची ३६५.१ वर येते. तुमचा ३८१ चा नकाशा साखरेचा आहे की पोटॅशियमचा? दोन्ही नकाशे शेजारी ठेवा, आणि मॅट्रिक्समध्ये समस्थानिकाने जड केलेली सुक्रोज समप्रमाणात मिसळून तिच्याशी भागाकार करा.

आयनांसाठी गोठलेल्या नमुन्यावर क्ष-किरण विश्लेषण असलेला स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उत्तम. फक्त पोटॅशियमची दुय्यम रेषा ३.५९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला आणि कॅल्शियमची मुख्य रेषा ३.६९ ला येते, हे विसरू नका. पोटॅशियम भरपूर असेल तर कॅल्शियम नसतानाही ‘दिसतं’. पृष्ठभागावरचा बर्फ उडवून रचना उठावदार करायचा मोहही आवरा, कारण पाणी गेलं की उरलेल्याची सांद्रता वाढते.

नॅनोसिम्स, म्हणजे आयनांच्या झोताने पृष्ठभाग खरवडून वस्तुमान मोजणारं यंत्र, ५० नॅनोमीटरपर्यंत उतरतं आणि कार्बन-१३ किंवा नायट्रोजन-१५ची खूण वाचतं. नमुना पूर्ण कोरडा लागतो, म्हणजे वरच्या सगळ्या अडचणी त्यालाही लागू. निसर्गातच कार्बन-१३ सुमारे १.१ टक्के असतो. खूण त्याच्यापेक्षा ठळक वर असली पाहिजे.

जिवंत ऊतीत पाहायचं असेल तर

जिवंत पेशीचं पटल शाबूत असतं, हा मोठा फायदा. फ्लॅव्होनॉइडसाठी डीपीबीए हे रंजक वापरतात: ०.२५ टक्के, सोबत किंचित ट्रायटन (साबणासारखं द्रव्य), काही मिनिटं. क्वेर्सेटिन सोनेरी आणि केम्फेरॉल हिरवट चमकतं. अॅराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या वनस्पतीचं टीटी४ उत्परिवर्तित रोप फ्लॅव्होनॉइड बनवू शकत नाही. त्याच्यात चमक दिसली तर ती फ्लॅव्होनॉइडची नाही. ट्रायटन पटलं सैल करतं, त्यामुळे फार वेळ ठेवलेली रोपं फेकून द्या.

रसवाहिनीतला प्रवाह पाहायला कार्बॉक्सिफ्लुओरेसीन डायअॅसिटेट सोपं. ते पेशीत शिरतं, एन्झाइमने तुटतं, भारित होऊन अडकतं आणि मग पेशी-पेशींमधल्या बारीक वाटांनी व रसवाहिनीतून फिरतं. ते वाट दाखवतं, साखर दाखवत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडसाठीचं डीएबी हे रंजक जिथे तपकिरी होतं तिथे पेरॉक्साइड आणि पेरॉक्सिडेज हे एन्झाइम दोन्ही असतात. फक्त पहिल्याचं नाव लिहिणं बरोबर नाही.

जनुकांतून बसवलेले संवेदक ही या क्षेत्रातली सर्वात मोठी उडी. अॅब्सिसिक आम्लासाठी अबाकस आणि अबालिऑन २०१४ मध्ये आले, जिबरेलिनसाठी जीपीएस१ २०१७ मध्ये, ऑक्झिनसाठी ऑक्ससेन २०२१ मध्ये. यांत रेणू चिकटला की दोन चमकत्या प्रथिनांमधलं अंतर किंवा कोन बदलतो आणि दोन रंगांचं गुणोत्तर हलतं. २०१२ चा डीआयआय-व्हीनस वेगळा. त्यात ऑक्झिनमुळे प्रथिन नष्ट होतं, म्हणजे तो ऑक्झिनपेक्षा पेशीची ऑक्झिनला मिळालेली दाद दाखवतो. रेणूला न चिकटणारी संवेदकाची उत्परिवर्तित आवृत्ती शेजारी ठेवलीच पाहिजे, कारण सामूमधला बदलही गुणोत्तर हलवतो. आणि रोप स्लाइडवर ठेवल्यावर अर्धा तास शांत राहू द्या. ४८८ नॅनोमीटरचा लेसर म्हणजे निळा प्रकाश, आणि झाडाला तो दिसतो.

ज्याशिवाय चित्र छापू नये

जिलेटिनचे दोन ठोकळे करा. एकात तुमचा रेणू ऊतीतल्याइतक्या प्रमाणात घाला, दुसऱ्यात काहीच घालू नका. दोन्ही एकमेकांना टेकवून लगेच गोठवा आणि नमुन्याबरोबर शेवटपर्यंत त्याच प्रवासाला पाठवा. सीमारेषा अखेरीस किती मायक्रोमीटर पसरली ते मोजा. २० मायक्रोमीटर पसरली असेल, तर १५ मायक्रोमीटरच्या पेशीबद्दल काही बोलू नका.

सोबत जमाखर्चही ठेवा. वापरलेलं अॅसिटोन, रेझिन, धुण्याचं पाणी यातलं काही फेकू नका. त्यात किती रेणू गेला ते मोजा आणि सुरुवातीच्या एकूण मोजमापाशी ताडा. ९० टक्के नमुन्यातच राहिला असेल तर पुढे जा. ४० टक्केच राहिला असेल तर उरलेला रेणू मूळ जागीच आहे की सोयीच्या जागी जाऊन बसलाय, हे सांगता येणार नाही.

चित्राखाली कापण्यापासून गोठेपर्यंतचे सेकंद, गोठवण्याची रीत, साठवणीचं तापमान, टिकलेल्या रेणूची टक्केवारी आणि जिलेटिनची पसरलेली रुंदी लिहा. सगळ्या चित्रांना लेसर आणि डिटेक्टरची तीच मापं ठेवा, आणि रेणू नसलेल्या कंट्रोलचं चित्र त्याच उजेडात, त्याच पानावर लावा.